खडकावर थांबलेला बाप

१२ जुलै

बेटावरच्या पक्षी-अभ्यासकांस,

नमस्कार. हे पत्र कामाचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते घरगुती समजाल आणि बाजूला ठेवून द्याल, तसं होऊ नये.

आमची मुलांच्या पुस्तकांची छोटी प्रकाशनसंस्था आहे. छोटी म्हणजे रस्त्याच्या बाजूची एक खोली, दोन टेबलं, आणि उरलेली पुस्तकं मालकाच्या पलंगाखाली. झाडं, प्राणी, पाणी आणि दूरदेशीची माणसं, एवढेच आमचे विषय. यंदाचं पुस्तक लाल चोचीच्या मोठ्या सुरय पक्ष्यावर आहे. हा पक्षी तुमच्या बेटावर अंडी घालतो आणि थंडीत इकडे, आमच्या खाडीवर उतरतो, असं म्हणतात. वाटेत तो एका मोठ्या नदीवर आणि एका तळ्यावर थांबतो. त्या दोन्ही ठिकाणी आमच्यासारखेच फाटके प्रकाशक निघाले, आणि तुमच्या भागातलाही एक. चौघांनी ठरवलं की एकच पुस्तक चार भाषांत काढायचं. एकाच छापखान्यात चित्रांचे रंग चौघांसाठी एकदमच छापायचे आणि अक्षरांची काळी प्लेट तेवढी बदलायची. म्हणजे एक जण अडला की चौघं अडले.

आणि अडलो आहोत आम्ही. आमच्या प्रत्येक पुस्तकात तीन ओळी असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे: लेखक, चित्रकार आणि पाहणारा. ज्याने तो प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, त्याने पानापानावर मान डोलावल्याशिवाय पुस्तक छापखान्यात जात नाही. वटवाघळाच्या पुस्तकाला पाहणारा म्हणून गोदामाचा राखणदार मिळाला होता. देवमासा पाहिलेलं कोणी भेटलं नाही, म्हणून त्याची चित्रं अजून कपाटात आहेत.

सोबत पुस्तकाची कच्ची प्रत आहे. आपण पाहणारी म्हणून नाव द्याल का, एवढीच विनंती. मजकूर माझाच आहे, पद्यात आहे. चित्रकार बाईंनी चित्रं मन लावून काढली आहेत.

दारावरची जुनी पाटी उतरवली. भिंत रंगवायची होती. त्यामुळे त्या बाबतीत तुला काही अवघड वाटायचं कारण उरलेलं नाही.

तुझी आई बरी आहे. ते तुला रविवारच्या फोनवर कळतच असेल. फोन चालू असताना मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतो. कुंड्या फार ओल्या झाल्या आहेत.

आपला,
प्रकाशक

९ ऑगस्ट

चि. पक्षी-अभ्यासकांस,

कच्ची प्रत परत मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. तुझी आई म्हणाली, "अहो, पाकिटाचा जीव जाईल."

तिने प्रत उघडून तुझ्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि म्हणाली, "बघा, टोक करून लिहिलंय. रागावलेलं माणूस पेन्सिलीला टोक करत बसत नाही." मला तिचं म्हणणं पटवून घ्यायचं आहे.

चौथ्या पानावर तू लिहिलंस: "काळी टोपी मोठ्यांची. पिल्लाची मळकट, ठिपक्यांची. चोचही फिकी, केशरी." चित्रकार बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे पोरीचं. मी मोठ्याचीच टोपी लहान करून घातली होती." त्यांनी लगेच पाण्याचं भांडं ओढलं. इतक्या वर्षांत त्यांना कोणाचं एवढ्या चटकन ऐकताना मी पाहिलेलं नाही. माझं तर कधीच नाही.

तळ्याकाठच्या प्रकाशकाचंही पत्र आलं. माझ्या एका कडव्यात पाखरू "परक्या देशी" उतरतं. तो लिहितो, "आमच्याकडे येतो तेव्हा तो परका नसतो. इथली मुलं त्याला आमचा पक्षी म्हणतात. तुमच्याकडे जातो तेव्हा ती म्हणतात, आमचा पक्षी पाहुणा गेलाय." मी शाळेत जन्मभर मुलांना समानार्थी शब्द शिकवले आणि हे काही सुचलं नव्हतं. "परक्या देशी" खोडून "दुसऱ्या घरी" केलं. ओळ जरा लंगडली, पण लंगडत का होईना, खरं बोलते आहे.

राहता राहिलं नववं पान.

लाल चोच अन् टोपी काळी, पिल्लू गेले दूर;
खडकावरती बाप थांबला, डोळ्यांमध्ये पूर.

पहिल्या ओळीचं मान्य. दुसरीला तू आडवी रेघ मारलीस आणि समासात लिहिलंस, "चूक. बाप थांबत नाही."

चारच शब्द. ते समजायला मला पाहणाऱ्याची गरज पडली नाही. पोचले.

प्रकाशक

२४ ऑगस्ट

चि. टिटवी,

हे नाव लिहिलं जाऊ नये म्हणून मागची दोन पत्रं मी फार जपून लिहिली. तू तान्ही असताना दिवेलागणीला जो आवाज काढायचीस, त्यावरून हे नाव पडलं. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. आज हात सैल सुटलाय, सुटू दे.

नवव्या पानाबद्दल मला बाजू मांडायची आहे. शाळेत मी कविता शिकवायचो तेव्हा सगळा वर्ग बाकांवर बोटांनी ताल धरायचा. अर्थ कोणाला कळायचा, कोणाला नाही. पण कोणी गाव सोडून निघालंय आणि कोणीतरी दारात थांबलंय अशी ओळ आली की बोटं आपोआप हळू व्हायची. मागच्या बाकावरचे दांडगोबासुद्धा. त्या हळू झालेल्या बोटांवर माझा जन्मभर विश्वास आहे. म्हणून माझ्या कवितांत कोणी ना कोणी थांबलेलं असतंच. इथे बाप आहे.

हे सगळं मी तुझ्या आईला तावातावाने सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "खडकावर थांबला म्हणे. कुठला खडक? ती निघाली तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत प्रुफं तपासत बसला होतात."

"डोळ्यांत पूर होता," मी म्हणालो.

"असेल. प्रुफात चुका किती राहिल्या त्या वेळी, आठवतंय ना?"

ही बाई माझ्या बाजूची आहे की तुझ्या, हे मला अजून कळलेलं नाही.

बाइंडर काल येऊन बसला. तोच, तू लहान असताना तुला कागदाच्या कापलेल्या पट्ट्या द्यायचा तो. त्याची सुई-दोऱ्याची पेटी तशीच आहे, दात तेवढे गेले. नदीवाल्या प्रकाशकाने विचारणा केली होती की छापखान्याची तारीख पक्की करायची का, कारण तुमचा पाहणारा अजून ठरलेला दिसत नाही. मी ते वाचून दाखवलं. बाइंडर म्हणाला, "मास्तर, टाका ना कोणाचंही नाव. एवढ्या लांबच्या बेटावर कोण बघायला जातंय?"

"तेच तर आहे," मी म्हणालो. "कोणीतरी बघायला गेलेलं असावं लागतं."

"तुमची लेक गेलीये की."

"म्हणून तर तिला विचारलंय."

"विचारलंय की भांडलाय?"

त्याला चहा दिला आणि विषय बदलला. पण तुला विचारतो. ओळ तुझ्या म्हणण्याप्रमाणे काढली तर नाव देशील? मला ती ओळ काढायची नाही, हेही खरं सांगतो. तुझं नाव त्या पानावर यावं, असं मात्र त्या ओळीहून जास्त वाटतं. पुस्तकासाठी वाटतं की माझ्यासाठी, ते तू शोधू नकोस.

बाबा

२३ सप्टेंबर

प्रिय टिटवे,

तुझं पत्र आलं. पोस्टमनच्या हातातून मी ते जवळजवळ हिसकावलं. तो म्हणाला, "आजोबा, तुमचंच आहे, सावकाश."

तुझी आई समोर बसली आणि मी मोठ्याने वाचलं. पहिल्याच ओळीला ती एवढी हसली की पुढचं वाचायला थांबावं लागलं: "बाबा, तुम्हाला टोमणा मारायचा असता तर कवितेच्या समासात कशाला मारला असता? तुम्ही गॅलरीतून आत आला असतात तर फोनवरच मारला असता."

पुढचं मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालं. तरी इथे उतरवून काढतो, कारण उतरवल्याशिवाय मला काही समजल्यासारखं वाटत नाही.

"बाप खडकावर थांबत नाही असं लिहिलं, कारण तो खरंच थांबत नाही. या जातीत पिल्लू पहिल्या प्रवासाला एकटं निघत नाही. मोठा पक्षी सोबत असतो, आणि बहुतेक वेळा तो बाप असतो. आई आपली वेगळी निघते. बाप पिल्लाला वाट दाखवत नेतो, मुक्कामाला थांबतो, मासे पकडून भरवतो. पिल्लू सारखं ओरडत त्याच्या मागे असतं. वाटेत चुकामूक झाली तर पिल्लू सहसा जगत नाही. एकदा ती वाट झाली की पुढच्या वर्षी ते एकटं जाऊ शकतं. तुमच्या ओळीमुळे मुलांना वाटेल की बाप नुसता रडतो. त्याला काम असतं, बाबा."

मी कागद खाली ठेवला. तुझ्या आईने उठून खिडकी उघडली.

मला वाईट वाटेल असं तुला वाटलं असेल. वाटलं नाही. वर्षानुवर्षं तो बाप त्या खडकावर डोळ्यांतून पाणी गाळत उभा होता, आणि मीच त्याला तिथे उभा करून ठेवला होता. त्याला तिथून उठता येतं हे कळल्यावर माझेच गुडघे मोकळे झाल्यासारखे वाटले. पक्ष्याबद्दल मी चुकलो याचा एवढा आनंद होईल, असं वाटलं नव्हतं.

तू नाव द्यायला तयार आहेस, पण अर्ध्याच पुस्तकाला. तू लिहितेस, "घरट्यापासून निघण्यापर्यंतची साक्ष माझी. पोचण्याची मी देऊ शकत नाही, कारण त्यांना पोचताना मी कधी पाहिलेलं नाही. ते तुमच्या खाडीवर उतरतात. खाडी घरापासून अशी कितीशी लांब आहे? तुम्ही कधी गेला होतात का?"

नाही गेलो. पुलावरून जाताना बसच्या खिडकीतून पाहिली आहे. खाडीवर माझ्या तीन कविता आहेत.

छापखान्याची तारीख मी पुढे ढकलून घेतली आहे. तिघांनाही कारण कळवलं. तळेवाल्याने उत्तर दिलं: "आम्हीही तळ्यावर जाऊन आलो नव्हतो. आता जातो." म्हणजे तुझ्या एका प्रश्नाने दोन देशांतले म्हातारे घराबाहेर काढलेस.

आणि एक. पाटी उतरवलेली नाही. संस्थेच्या नावापुढचं "आणि कन्या" अजून तिथेच आहे. भिंतही रंगवलेली नाही. बाइंडर म्हणाला, तिला खोटं कळवलं असेल तर निदान भिंत तरी रंगवून टाका. पण रंगवायची म्हटली की पाटी उतरवावी लागते.

बाबा

३० ऑक्टोबर

प्रिय टिटवे,

पाहिले.

एवढंच लिहून पाकीट बंद करावंसं वाटत होतं, पण तुझी आई म्हणाली, "नीट लिहा. ती मोजणारी मुलगी आहे."

तर नीट लिहितो. आम्ही तिघं गेलो: मी, तुझी आई आणि बाइंडर. पहाटेची पहिली बस पकडून, ओहोटीच्या वेळी, तू सांगितलंस तसं. पूल ओलांडल्यावर डावीकडे मिठाच्या गोदामामागून पायवाट आहे. बाइंडरने त्याच्या नातवाची दुर्बीण आणली होती. ती एकाच डोळ्याने चालते. चिखलात माझा बूट अडकला आणि तो काढायला दोघांनी मला मागून धरलं. कवितेत चिखल फार वेगळा असतो.

खूप वेळ काही नाही. करडे, बारीक पायांचे पक्षी धावत होते, त्यांची नावं मला येत नाहीत. बाइंडर म्हणाला, "मास्तर, तुमचे पाहुणे वाटेत चहाला थांबलेले दिसतात." मग एक आवाज आला. बारीक, चिरका, सतत, हट्टाला पेटलेल्या पोरासारखा. तुझ्या आईने माझा हात धरला. "ऐकलंत?" म्हणाली. "दिवेलागण."

वाळूच्या पट्ट्यावर दोन पक्षी होते. एकाची चोच लालभडक. दुसरा जवळजवळ तेवढाच मोठा, पण टोपी मळकट आणि चोच केशरी, जशी चित्रकार बाईंनी आता रंगवली आहे अगदी तशी. मोठा उडाला, पाण्यावर घिरट्या घातल्या, एकदम दगडासारखा खाली पडला आणि मासा घेऊन आला. धाकटा मान खाली घालून, पंख थरथरवत ओरडत होता. मोठ्याने मासा त्याच्या चोचीत दिला.

"एवढा घोडा झाला," बाइंडर म्हणाला, "तरी बापाच्या जिवावर."

"बापाला हौस आहे," तुझी आई म्हणाली.

मोठा पुन्हा उडाला. पुन्हा मासा. माझ्या डोळ्यांत काय झालं ते लिहीत नाही. पूर हा शब्द मी पुस्तकातून काढून टाकला आहे.

तुम्ही अभ्यासक पक्ष्यांना ओळखीसाठी घालता ते कडं पायात आहे का, हे तू मुद्दाम पाहायला सांगितलं होतंस. दोघांच्याही पायांत नव्हतं. तुझ्या बेटाचं कडं असतं तर गोष्टीला फार शोभलं असतं. पण नव्हतं, आणि मी आता पाहणारा आहे, त्यामुळे नव्हतं असंच लिहिणार.

परतताना बसमध्ये गुडघ्यावर कागद ठेवून ओळी केल्या:

मळकट टोपी, चोच केशरी, पिल्लू उडते दूर;
पुढती पुढती बाप उडे अन् मागे मागे सूर.

चित्रकार बाईंना दाखवल्या. त्यांनी नवव्या पानावरचा खडक पांढऱ्या रंगाने पुसून टाकला आणि तिथे पाणी केलं. मग दुसऱ्यांदा वाचून म्हणाल्या, "आता चित्राला काहीतरी काम आहे." चारही भाषांत हे पान सारखंच होणार आहे.

आणि रविवारी मी गॅलरीत गेलो नाही. तुझ्या आईने फोन माझ्या हातात दिला. मी विचारलं, "जेवलीस का?" तू म्हणालीस, "हो. तुम्ही?" मी म्हणालो, "हो." मग आपण दोघं नेहमीसारखे अडकलो. काही सुचेना म्हणून मी त्या पिल्लासारखा आवाज काढला. तू एवढी हसलीस की तुझ्या आईला पलीकडून ऐकू आलं. आणि मग तू म्हणालीस, "बाबा, हा मोठ्याचा झाला. पिल्लाचा आणखी बारीक असतो."

मी सराव करतो आहे. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आहेत.

"येतेस का?" हे मी विचारलं त्याला तू "बघते" म्हणालीस. तुझ्या तोंडी "बघते" हा शब्द किती भरवशाचा असतो, ते मला आता कळलंय.

बाबा

१८ जानेवारी

प्रिय टिटवे,

हे पत्र तुझ्या आधी बेटावर पोचायचं नाही, पण तुझी बोट अजून दिसते आहे तोवर लिहायला घेतो. बंदराच्या प्रतीक्षागृहात बसलोय. बाक गार आहे. समोरच्या बाईने तिच्या थर्मासातला चहा मला दिला. माझ्या तोंडावर काही दिसत असावं. मी तिला म्हटलं, "तसं काही नाही, मी खुशीत आहे." ती म्हणाली, "दिसतंय ते."

तू घरी होतीस ते दिवस मी पुन्हा पुन्हा उलटून पाहतोय, बाइंडर छापील पानांचे शिवलेले फर्मे उलटून पाहतो तसे. पुस्तकांचा पहिला गठ्ठा तू तुझ्या हाताने फोडलास ते. आणि शेवटचं पान उघडून त्यावर तळहात ठेवलास ते.

पाहणारे: निघताना, लेक. पोचताना, बाप.

तळेवाल्याने आणि नदीवाल्यानेही आपापल्या पाहणाऱ्यांची नावं तिथेच घातली. चार देशांतली माणसं एका ओळीखाली एक, आणि मधून एक पक्षी गेलेला.

पाटीसमोर तू उभी राहिलीस तेव्हा मी आत जाऊन प्रुफं शोधायला लागलो होतो. तपासायला एकही प्रूफ नव्हतं. तू हाक मारलीस. "बाबा, अक्षरं उडालीत. रंगवून घ्या."

"ठेवायची?" मी विचारलं.

"मी इथे काम करणार नाही. ते ठरलंय."

"ठरलंय."

"पण कन्या आहेच की. पाटीवर चूक काहीच नाही." मग शिडीवर चढून तू पेन्सिल अक्षरांखाली आडवी धरून पाहिलीस, आणि नुसता "आणि" तेवढा थोडा वाकडा आहे म्हणालीस. तो सरळ करून घेतो.

आज पहाटे मी बॅग भरून दारात उभा राहिलो तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, मी या वाटेने एकटी किती वेळा गेले आहे."

"पहिल्यांदा गेलीस तेव्हाचं राहिलंय," मी म्हणालो.

तुझ्या आईने डबा तुझ्या नाही, माझ्या हातात दिला. "वाटेत भरवा तिला," म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आतून तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

गाडीत तू खिडकीशी झोपलीस. मी जागा होतो. बाहेर ती नदी आली, जिच्याबद्दल मी मुलांना कितीतरी वर्षं शिकवलं होतं. मी तुला उठवलं नाही. बघायचं काम माझं होतं. गाडी बदलायच्या स्टेशनावर मी चुकीच्या फलाटाकडे निघालो आणि तू मला कोपराला धरून वळवलंस. पुस्तकात हे नाही. पुढच्या आवृत्तीत घालायला हवं.

बोट आता ठिपक्याएवढी झाली. इथून पुढची वाट तुझी तुला पाठ आहे. मला परतीची विचारत विचारत जावं लागणार आहे. पण या बाईला त्याच गाडीने जायचंय, आणि तिची नात सहा वर्षांची आहे. पिशवीत आपल्या पुस्तकाची एक प्रत उरली आहे.

बाबा